मागणी: शून्य नग

धंतोली, नागपूर
रविवार, ४ नोव्हेंबर १९७९

चि. मुकुंद यास,

आत्याचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. दिवाळी झाली, सकाळी शाल लागू लागली. उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना ओरडतो. चि. सौ. शोभा आणि मुलं मजेत असतील असं धरून चालते, कारण कळवायला कोणी नाही.

तुझं पाकीट गुरुवारी मिळालं. दहा वर्षांनी तुझं अक्षर दिसणार म्हणून चष्मा पुसून बसले, तर आत टाइप केलेला कागद. सुरुवात "महोदया". जिने पाच वर्षं तुझा डबा भरून तुला मेडिकल कॉलेजात धाडलं, ती महोदया! सही तेवढी शाईची होती. ती वाचली.

तुझ्या म्हणण्याचा अर्थ मला असा लागला. राज्यातल्या दवाखान्यांसाठी अत्यावश्यक औषधांची यादी करायला समिती नेमली आहे आणि तू तिचा सचिव आहेस. समितीपुढे आमच्या औषध भांडाराची जुनी रजिस्टरं आली आहेत. त्यांवर माझ्या सह्या आहेत, म्हणून त्यातले आकडे खरे असल्याचा दाखला मी पंधरा डिसेंबरच्या बैठकीपूर्वी द्यावा. निवृत्त होऊन मला पाच वर्षं झाली. या पाच वर्षांत खात्याला माझी आठवण पेन्शनचा कागद हरवण्यापुरती आली होती.

सोबत जिनिव्हाच्या जागतिक आरोग्य संघटनेची ती पातळ इंग्रजी पुस्तिका कशाला जोडलीस? मी वाचणार नाही असं वाटलं असेल. दोनदा वाचली. मिशनच्या शाळेत सिस्टर लोकांनी आमच्याकडून इंग्रजी छडीने घोटून घेतलं होतं, ते अजून गंजलेलं नाही.

पहिल्या वाचनात मला राग आला. साऱ्या जगाचे आजार आणि औषधं दोनशेच्या आसपास! आमच्या चौकातल्या मेडिकल स्टोअरमध्ये नुसती टॉनिकंच त्याहून जास्त असतील. दुसऱ्या वाचनात मात्र मजा वाटू लागली. हे ठरवतात तरी कसं? खोकल्याची बत्तीस औषधं असताना त्यांतलं एक उचलायचं आणि एकतीस खाली ठेवायची, हे धाडस कोणाच्या अंगात येतं? मी सवयीप्रमाणे पेन्सिल घेऊन बसले. पुस्तिकेत लिहिलंय, की ही यादी नमुना म्हणून आहे. प्रत्येक देशाने आपले आजार, आपले दवाखाने, आपली माणसं पाहून स्वतःची करावी. बहुसंख्य लोकांची गरज भागेल ते औषध आवश्यक. "बहुसंख्य" खाली मी रेघ मारली. उरलेल्यांनी काय करायचं ते लिहिलेलं नाही.

मग मी स्वतःच एक समिती नेमली. पाच औषधं निवडायला सांगितली. शेजारचे मारोतराव, निवृत्त हेडमास्तर, पाचही वेळा इसबगोल म्हणाले. धोंडबा रिक्षावाला म्हणाला, "ताकतीचं लाल औषध पाहिजे, बाकी तुमचं तुम्ही पाहून घ्या." आमची रंभाबाई भांडी घासता घासता म्हणाली, "मले तं सुई पाहिजे. गोळीनं कोणाचं भलं झालं?"

"अगं, पण सुईत काय भरायचं?"

"ते डाक्टर पाहीन ना! मी काहून सांगू? मले का पगार भेटते त्याचा?"

तुझ्या समितीतले सदस्य याहून फार वेगळे असतील अशी आशा आहे.

आता कामाचं. तुमच्या मसुद्यात गावच्या दवाखान्यांसाठी चाळीस औषधं आहेत. एक्केचाळिसावं खोडलं आहे: ॲट्रोपिनचं इंजेक्शन. समोर शेरा आहे, "नागपूर भांडाराच्या रजिस्टरनुसार १९७० पासून दवाखान्यांची मागणी शून्य नग. शस्त्रक्रिया होतात तिथेच, म्हणजे मोठ्या रुग्णालयात ठेवावे."

आकडा बरोबर आहे. माझ्या रजिस्टरात मागणी आणि पुरवठा या दोन रकान्यांमध्ये एका नगाची तफावत कधी सापडली नाही, हे ऑडिटवाल्यांनी तीनदा लेखी दिलेलं आहे. शून्य म्हणजे शून्य.

तरी दाखला जोडलेला नाही. म्हातारपणात एक खोड लागली आहे, कळल्याशिवाय सही करवत नाही. ॲट्रोपिन ऑपरेशनच्या आधी देतात, तसं फवारणीचं विष अंगात भिनलेल्या माणसालाही देतात. नरखेडच्या बाजूला संत्र्यांचे एवढे बगीचे आहेत. दर हंगामात झाडावर कोळशीची कीड पडते, दर हंगामात फवारणी होते. मग दवाखान्यांना एकही कुपी कशी लागली नाही? जग जिनिव्हाकडे बघतंय, जिनिव्हा म्हणते देशाने ठरवावं, देश राज्याकडे बघतो, राज्य तुझ्याकडे आणि तू माझ्या रजिस्टराकडे. मी कुठे बघून लिहीत होते, ते एकदा पाहून येते.

गुडघ्याची काळजी करू नकोस. करत नसशीलच.

तुझी
कुसुमआत्या


धंतोली, नागपूर
रविवार, २५ नोव्हेंबर १९७९

चि. मुकुंद यास आशीर्वाद.

माझ्या पत्राला उत्तर नाही. पोहोचल्याची पोच तेवढी आली, तीही टाइप केलेली. शिपायाने सही केली असावी.

गेल्या मंगळवारी मी नरखेडच्या एस.टी.त बसले. कंडक्टरने विचारलं, "आजी, एकट्याच?" मी म्हटलं, "दुसरं तिकीट तुम्ही काढता का?" त्यानंतर नरखेडपर्यंत तो माझ्याशी फार अदबीने वागला. तिथून पुढे बैलगाडी मिळाली.

तुझा जुना दवाखाना आहे तसाच आहे. तू लावलेला कडुनिंब छपराच्या वर गेलाय. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतो. बाकी सगळा कारभार कंपाउंडर नत्थूजींकडे. तुझ्या वेळचेच ते. मला ओळखत नाहीत, कारण मी कधी भांडाराबाहेर पडलेच नव्हते. मी म्हटलं, नागपूरहून आले, औषधांच्या यादीचं काम आहे. यात खोटं काही नव्हतं.

"ॲट्रोपिन?" नत्थूजी हसले. "मागून पाह्यलं ना, बाई. पह्यले एक डाक्टरसाहेब होते, त्याइनं दोनशे कुप्या मागतल्या. नागपूरच्या भांडारातल्या बाईनं लाल पेन्सिलीनं दोनशेचे दहा केले. डाक्टरसाहेब गेले बदली होऊन. मंग मी लिहिणंच सोडलं."

"का?"

"काहून म्हणजे? एका ओळीवर लाल खूण पडली का साराच इंडेंट, मागणीचा सारा कागद, फिरून येते. तिकडं मलेरियाच्या गोळ्या अडकते, इकडं लेकरायचं खोकल्याचं अडकते. एका औषधापायी साऱ्या गावाले काहून उपाशी ठेवू?"

मी विचारलं, ती बाई कशी होती?

"पाह्यली नाही. अक्षर लय सुंदर होतं."

मुकुंद, मी पाणी मागितलं. त्यांनी माठातलं दिलं.

मग मी म्हटलं, रुग्णांचं रजिस्टर दाखवा. विषबाधेचा एकही रुग्ण नाही! जुलै ते सप्टेंबर मात्र "उलट्या व घाम" असे पुष्कळ. मी बोट ठेवलं. नत्थूजींनी आधी दाराकडे पाहिलं. "विष लिहिलं का पोलीस येते. पोलीस आला का पंचनामा, मंग बगीचेवाल्याचे फेरे, मजुराचं काम बंद. माणूस वाचला तरी त्याले कोणी कामावर घेत नाही, म्हणते याच्यामागं लफडं आहे. म्हून उलट्या लिहितो. उलट्या तं खऱ्याच असते ना, बाई."

म्हणजे बघ. औषध मागितलं जात नाही, कारण ते कापलं जातं. आजार लिहिला जात नाही, कारण तो लिहिला तर पोट जातं. तुझी समिती दोन्ही रजिस्टरं शेजारी ठेवते, ती एकमेकांशी तंतोतंत जुळतात, आणि सर्वांना समाधान वाटतं.

"मग माणसं वाचतात कशी?" मी विचारलं.

तेव्हा त्यांनी मला गोपाळरावांच्या बगीच्यात नेलं. विहिरीजवळ मोटरची खोली आहे. आत फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात भुशात निजवलेल्या ॲट्रोपिनच्या साठ कुप्या, दोन सिरिंजा, सुया, उकळायचं भांडं. अकरा बगीचेवाले मिळून दर पावसाळ्याआधी नागपूरच्या दुकानातून हा माल आणतात. असे तीन डबे तीन विहिरींवर. मजूर पडला की एकजण फटफटीवर डबा आणायला सुटतो, दुसरा नत्थूजींना. गोपाळराव म्हणाले, "डोळ्याची बाहुली सुईच्या टोकाएवढी झाली का टोचणं सुरू. तोंड कोरडं पडेपर्यंत टोचत राहा लागते. दवाखान्यात नाही भेटत, हे पोट्ट्यायले बी माहीत आहे."

मी विचारलं, याचा हिशेब ठेवता का? त्यांनी दार लोटलं. दाराच्या मागल्या बाजूला खडूने नावं होती, पुढे कुप्यांचे आकडे आणि माणूस उठला की शेवटी "बरा". या जुलैपासूनची पाच नावं. चौतीस, एकसष्ट, अठरा, सेहेचाळीस. पाचव्या नावापुढे बावीस लिहून पुढे काही नाही. मी विचारलं नाही. फवारणी नव्याने सुरू होण्याआधी दार धुतात, म्हणून मागच्या वर्षांचं काही उरलेलं नाही.

मी सगळं उतरवून घेतलं. एका तालुक्यातल्या एका गावाच्या एका विहिरीवर पाच महिन्यांत एकशे एक्याऐंशी कुप्या. माझ्या रजिस्टरात शून्य. जिनिव्हाच्या साहेबांना ही खोली दाखवायला हवी. माणसाला काय आवश्यक आहे, हे तिथे कोणी बैठक न घेता ठरवलं आहे आणि फळीवर ठेवलंही आहे. पण ज्या गावात अकरा बगीचेवाले एका विचाराचे नाहीत तिथे काय होत असेल, याचा परतीच्या एस.टी.त मी बराच विचार केला. कापसाच्या गावांत तर मोटरच्या खोल्याही नाहीत.

बगीच्यात तोड चालू होती. बाया सावलीत बसून संत्री निवडत होत्या. त्यांत एक अंजनाबाई होती. तिचं नाव तुला आठवत असेल. तिच्याविषयी आज लिहीत नाही.

दाखल्याचं अजून ठरलेलं नाही. आकडे खरे आहेत असं मी म्हटलं होतं. ते चूक होतं असं आजही म्हणत नाही. मला दोन दिवस दे.

कुसुमआत्या


धंतोली, नागपूर
मंगळवार, ४ डिसेंबर १९७९

मुकुंद,

दोन दिवस म्हटले होते, नऊ लागले.

मागच्या दोन्ही पत्रांत मी तुला जे माहीत आहे ते टाळून बाकी सर्व लिहिलं. एस.टी., गुडघा, रंभाबाई. आता ते लिहिते.

१९६९ च्या जूनमध्ये तुझा इंडेंट माझ्या टेबलावर आला. ॲट्रोपिन, दोनशे नग. समासात तू लिहिलं होतंस, "फवारणी वाढली आहे, कृपया कापू नये." तुझं अक्षर मी लांबूनही ओळखते. नियम असा, की मागच्या तीन वर्षांची सरासरी काढायची आणि वर दहा टक्के द्यायचे. तुझ्या दवाखान्याची सरासरी नऊ होती. पण नियम मला वाकवता येत होता. दर वर्षी दहा-बारा ठिकाणी मी तो वाकवत असे. तुझ्या बाबतीत वाकवला नाही, कारण तू माझा भाचा होतास. भांडारातल्या लोकांनी "बाईंनी घरच्या माणसाला झुकतं माप दिलं" असं म्हणू नये, म्हणून मी दोनशेवर लाल रेघ मारून दहा लिहिलं. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. घरी येऊन मी तुझ्या वडिलांना सांगितलंही.

फळ्यांवर तेव्हा ॲट्रोपिनच्या चौदाशे कुप्या होत्या. त्यांतल्या अकराशेंची मुदत १९७१ मध्ये संपली. त्या माझ्या समोर फोडून पुरल्या. पंचनाम्यावर माझी सही आहे.

सप्टेंबरमध्ये तू आलास. दाढी वाढलेली, शर्टाला डाग. तू माझ्या टेबलावर दहा रिकाम्या कुप्या मांडल्यास. म्हणालास, "आत्याबाई, मोजून घ्या. गोविंदाला अकरावी हवी होती."

आणि मी मोजल्या. दहा भरल्या. "वापरल्या, रिकाम्या परत" असा शेरा लिहिला. मान वर केली तेव्हा तू गेला होतास. दहा वर्षं मी लोकांना सांगत आले, की पोराला सरकारी नियम कळत नाहीत, म्हणून रुसलाय.

गोविंदा कोण होता हे मी तेव्हा विचारलं नव्हतं. त्या मंगळवारी बगीच्यात कळलं. अंजनाबाईचा नवरा. वय सव्वीस. पाठीवर पंप घेऊन फवारायचा. ती संत्री निवडता निवडता मला सांगत होती. "डाक्टर लेकरावाणी रडला वं, बाई. म्हणे, अजून औषध असतं तं! मी म्हटलं, साहेब, रडू नका, तुमच्यापाशी नव्हतं तं तुम्ही कुठून आणान?" मग तिने मला एक संत्रं सोलून दिलं. मी खाल्लं. मी कोण आहे हे मी तिला सांगितलं नाही. तोंडाशी आलं होतं, पण बाकीच्या बाया ऐकत होत्या, आणि माझी गाडी सुटायची होती, आणि अशी बरीच कारणं होती.

शाळेत शनिवारी ख्रिस्ती मुली फादरना आपली पापं सांगायला कबुलीच्या खोलीत जायच्या. आम्हा हिंदू मुलींना बाहेर बाकावर बसावं लागे. मला वाटे, बरं आहे, आपल्याला सांगण्यासारखं काही नाही.

अजून एक आहे, आणि समितीच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं. रजिस्टरात दोन रकाने असतात, मागणी आणि पुरवठा. ते जुळले नाहीत तर ऑडिटवाला खुलासा मागतो. म्हणून मी मागणीच्या रकान्यात दवाखान्याने मागितलेला आकडा कधीच लिहिला नाही. आधी कापायची, मग कापून उरलेला आकडा "मागणी" म्हणून लिहायची. तुझ्या इंडेंटसमोर "मागणी १०, पुरवठा १०" असं आहे, तू पाहिलं असशीलच. हे मी फक्त तुझ्या बाबतीत केलं नाही. तीस वर्षं प्रत्येक दवाखान्याच्या प्रत्येक औषधाच्या बाबतीत केलं. माझ्या हाताखाली शिकलेले चौघे आज चार जिल्ह्यांत तेच करत असतील, कारण मीच त्यांना शिकवलं. तेव्हा फक्त ॲट्रोपिन नाही, तुमच्या मसुद्यातला मागणीचा प्रत्येक आकडा संशयाने बघा. ते आकडे आजाऱ्यांचे नाहीत. ते माझे आहेत.

तू मला दाखला का मागितलास याचा मी बराच विचार केला. शून्य खोटं आहे हे तुला दहा वर्षांपासून माहीत आहे. बैठकीत उभं राहून तू ते सांगू शकला असतास. पण मग तुला माझं नाव घ्यावं लागलं असतं. तू ते घेतलं नाहीस. माझ्यासाठी तेवढं ठेवलंस. "महोदया" लिहिताना तुला काय वाटलं असेल, ते आता थोडं कळतं.

सोबत तीन कागद आहेत. पहिला माझा जबाब, स्टॅम्पपेपरवर, दोन साक्षीदारांसह. मारोतराव सही करताना म्हणाले, "कुसुमताई, पेन्शन जाईल हो." मी म्हटलं, इसबगोल परवडेल एवढी उरेल. दुसरा कागद म्हणजे मोटरच्या खोलीच्या दारावरून उतरवलेली यादी. खाली गोपाळराव आणि नत्थूजींच्या सह्या आहेत. त्या घ्यायला मी शुक्रवारी पुन्हा जाऊन आले. नत्थूजी सहीला घाबरत होते. मी त्यांना सांगितलं, की लाल पेन्सिलवाली बाई मीच. त्यांनी कागद पुढ्यात ओढला. मग म्हणाले, "मंग तं सही करतो." का ते मला अजून उमगलेलं नाही.

तिसरा कागद कोरा इंडेंट आहे, जुना नमुना. त्यात मी शाईने एक रकाना वाढवला आहे: "मागितले पण मिळाले नाही." देशाने आवश्यक औषधं कशी ठरवावीत, या प्रश्नाचं संपूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही, जिनिव्हापाशीही नसावं. पण हा रकाना भरल्याशिवाय कोणी ठरवू नये, एवढं मला दिसतं. तो भरताना लोक काय काय लिहितील, याची मला फार उत्सुकता आहे. रंभाबाईसारखं कोणी नुसतं "सुई" लिहील. लिहू दे.

जबाब बैठकीत मोठ्याने वाच. माझं नाव गाळू नकोस, "एक निवृत्त कर्मचारी" असं म्हणू नकोस. आत्या म्हणून जपायचं असेल तर दुसऱ्या कुठल्या कामात जप.

अंजनाबाईला शुक्रवारी भेटले. तिच्या घरी, ती एकटी असताना. सगळं सांगितलं. ती काय म्हणाली ते पत्रात लिहिता येत नाही. तू आलास तर सांगेन.

या पत्राच्या वर आशीर्वाद लिहिले नाहीत, ते विसरून नाही. ते घ्यायचे की नाही हे तू ठरव. तोवर खाली नुसतं नाव लिहिते.

कुसुम